दिवा आणि ठिणगी: जुन्या मोटारसायकलीवरचे दोन निराळे बदल

जुनी मोटारसायकल हाती आलेल्या नवख्या माणसाला पहिल्या काही दिवसांत जे सल्ले मिळतात, त्यांत एक हमखास असतो: “गाडी बारा व्होल्ट करून टाका, स्टार्टिंगची कटकटच मिटेल.” त्याच्या पाठोपाठ दुसरा येतो: “पॉईंट काढून इलेक्ट्रॉनिक बसवा, लाइटसुद्धा लख्ख पडेल.” सल्ला देणारी माणसे अनुभवी असतात, सुचवलेले दोन्ही बदल आपापल्या जागी चांगले असतात आणि तरीही दोन्ही वाक्यांचा उत्तरार्ध चुकीचा असतो. सहा व्होल्टवरून बारा व्होल्टवर जाणे हा वीज तयार करण्याच्या, साठवण्याच्या आणि वाटण्याच्या व्यवस्थेतला बदल आहे. पॉईंटच्या, म्हणजे कॅमने उघडझाप होऊन ठिणगीच्या क्षणी प्रवाह तोडणाऱ्या संपर्कांच्या, जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवणे हा ठिणगी नेमक्या कोणत्या क्षणी पडावी हे ठरवणाऱ्या यंत्रणेतला बदल आहे. एक केल्याने दुसरा आपोआप होत नाही.

हे पटत नसेल तर कारखान्यातून निघालेल्या गाड्याच पाहाव्यात. १९६९ ची होंडा सीबी७५० बारा व्होल्टची होती आणि तिच्यात पॉईंटचे दोन संच होते. १९७९ च्या होंडा एक्सएल५००एस मध्ये सीडीआय, म्हणजे कपॅसिटरमध्ये साठवलेली वीज सोडून ठिणगी पाडणारे इलेक्ट्रॉनिक इग्निशन होते आणि बाकीची वीज सहा व्होल्टची होती. त्याआधीच्या अनेक ब्रिटिश गाड्यांवर तर लुकासचा मॅगडायनो असे, म्हणजे ठिणगीसाठी स्वतःच वीज तयार करणारा मॅग्नेटो आणि दिव्यांसाठी डायनॅमो ही दोन स्वतंत्र यंत्रे एकावर एक बसवलेली. अशा गाडीची बॅटरी काढून ठेवली तरी ती किकवर चालू होते. तिला बारा व्होल्ट केल्याने ठिणगीत तसूभरही फरक पडत नाही, कारण ठिणगी बॅटरीकडे काही मागतच नाही. तरीही मॅग्नेटोच्या गाडीचे गरम झाल्यावरचे अवघड स्टार्टिंग सुधारावे म्हणून बारा व्होल्टचा खर्च करणारे लोक भेटतात. त्यांच्या मॅग्नेटोचे आर्मेचर (तारेची फिरती गुंडाळी) रिवाइंड करणे किंवा त्यातला कंडेन्सर (पॉईंट उघडताना त्यांना जळण्यापासून वाचवणारा भाग) बदलणे हाच खरा इलाज असतो.

बारा व्होल्टची बाजू बहुतेकांना माहीत असते, म्हणून ती थोडक्यात आटोपतो. ३५ वॉटचा बल्ब सहा व्होल्टवर सुमारे ५.८ अँपिअर ओढतो, तर तेवढ्याच वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर त्याच्या निम्मे. जुन्या वायरिंगमध्ये, स्विचमध्ये आणि अर्थिंगमध्ये मिळून ०.१ ओहम रोध असेल, तर सहा व्होल्टच्या गाडीत जवळपास ०.६ व्होल्ट वाटेतच खर्ची पडतात. म्हणजे एक दशांश व्होल्टेज गेले. फिलामेंटचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने घटत असल्याने उजेड मात्र साधारण तीस टक्क्यांनी उतरतो. तीच वायर आणि तोच गंज असताना बारा व्होल्टवर उजेडाचे नुकसान आठ टक्क्यांच्या आसपास राहते. बारा व्होल्टचा खरा लाभ एवढाच आहे आणि तो मोठा आहे. त्याने वीज मात्र वाढत नाही. सहा व्होल्टला ६० वॉटचा असलेला लुकासचा ई३एल डायनॅमो बारा व्होल्टच्या रेग्युलेटरवर चालवता येतो आणि जास्त फेऱ्यांवर तो थोडी अधिक शक्तीही देतो, पण चार्जिंग सुरू होण्यासाठी इंजिनाला पूर्वीपेक्षा अधिक वेगाने फिरावे लागते. “आता बारा व्होल्ट झाले” म्हणून जो लगेच ६० वॉटचा हॅलोजन लावतो, त्याची बॅटरी संथ रहदारीत हळूहळू रिकामी होत जाते आणि दोष रेग्युलेटर विकणाऱ्याच्या माथी मारला जातो.

आता मूळ गोंधळाकडे येऊ. बॅटरीचे व्होल्टेज दुप्पट झाले की प्लगवरची ठिणगीही दुप्पट जोमदार होणार, हा समज इतका स्वाभाविक वाटतो की तो तपासून पाहावा असे कोणाच्या मनातही येत नाही. प्रत्यक्षात प्लगवर किती व्होल्टेज चढते हे बॅटरी ठरवत नाही. ते ठरते प्लगचा गॅप किती आहे आणि सिलिंडरमधला दाब किती आहे यावर. कितीही ताकदीचा माणूस असला तरी ओढा ओलांडायला त्याला ओढ्याच्या रुंदीएवढीच उडी मारावी लागते. बॅटरीचे व्होल्टेज हजारो पटींत नेणाऱ्या कॉईलमध्ये दोन गुंडाळ्या असतात: बॅटरीचा प्रवाह घेणारी प्राथमिक आणि प्लगला जोडलेली दुय्यम. दुय्यम गुंडाळीतले व्होल्टेज चढत जाते आणि ज्या क्षणी ते त्या गॅपमधली हवा फोडण्याइतके होते, त्या क्षणी ठिणगी पडते व व्होल्टेज कोसळते. बॅटरी सहाची असो वा बाराची, तोच प्लग त्याच दाबाखाली तेवढेच व्होल्टेज मागतो.

मग ठिणगीचा जोर कशात असतो? कॉईलमध्ये साठलेल्या ऊर्जेत. ती ऊर्जा प्राथमिक गुंडाळीतून वाहणाऱ्या प्रवाहाच्या वर्गावर अवलंबून असते. सहा व्होल्टची कॉईल साधारण दीड ओहमची असते, म्हणजे तिच्यातून चार अँपिअर वाहतात. बारा व्होल्टची कॉईल तीन ओहमच्या आसपास असते, म्हणजे तिच्यातूनही चारच अँपिअर वाहतात. कॉईल बनवणाऱ्याने प्रवाह जवळपास तेवढाच राहावा अशाच बेताने तार गुंडाळलेली असते, कारण पॉईंटना याहून फार अधिक प्रवाह टिकाऊपणे तोडता येत नाही. त्यामुळे सहाची कॉईल काढून बाराची लावल्यावर ठिणगी बदलल्यासारखी वाटली, तर बहुधा जुनी कॉईल म्हातारी झालेली होती इतकाच त्याचा अर्थ.

याच ठिकाणी एक चकवा आहे आणि पुष्कळ जण त्यात सापडतात. गाडी बारा व्होल्ट केली, बल्ब बदलले, हॉर्न बदलला आणि कॉईल मात्र “चालतेय तर राहू दे” म्हणून सहाचीच ठेवली. आता दीड ओहममधून आठ अँपिअर वाहू लागतात. प्लग बाहेर काढून हेडला टेकवून किक मारली की जाड, निळी, टणत्कार करणारी ठिणगी दिसते आणि बारा व्होल्टचा चमत्कार सिद्ध झाला असे सर्वांना वाटते. थंड गाडी पहिल्या किकला चालू होते. अर्ध्या तासाने ती सिग्नलला अडखळून बंद पडते आणि मग काही केल्या चालू होत नाही. टाकीखाली हात घालून कॉईलला बोट लावावे, तर चटका बसतो. पॉईंट उघडून पाहावेत, तर एका बाजूला खड्डा आणि दुसऱ्या बाजूला टोक तयार झालेले असते. गाडी निवली की पुन्हा चालू होते, म्हणून संशय कार्बोरेटरवर जातो, जेट साफ होतात, फ्लोट बदलला जातो आणि आठवडाभराने कॉईल कायमची जाते.

हेडला टेकवलेल्या प्लगची ती परीक्षा मला मुळीच मान्य नाही. उघड्या हवेत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या गॅपला दोन-तीन हजार व्होल्ट पुरतात, तर सिलिंडरमध्ये दाबाखाली तोच गॅप त्याच्या कित्येक पट मागतो. बाहेर ठिणगी न दिसणे हा पुरावा आहे, दिसणे हा पुरावा नाही. ठिणगीचा रंग पाहून कॉईलची किंमत ठरवणाऱ्यांशी मी वाद घालणे सोडले आहे.

एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे, कारण गैरसमजाचे मूळ तिच्यातच आहे. बारा व्होल्ट केल्यावर काही गाड्या खरोखरच सोप्या चालू होतात. इग्निशन स्विचच्या गंजलेल्या संपर्कांत ०.३ ओहम रोध असेल, तर सहा व्होल्टच्या कॉईलमधला प्रवाह चारवरून ३.३ अँपिअरवर येतो आणि साठणारी ऊर्जा सुमारे ६९ टक्के उरते. तोच गंज बारा व्होल्टच्या तीन ओहमच्या कॉईलपुढे आला, तर ऊर्जा ८३ टक्के उरते. म्हणजे फायदा होतो, पण तो गंजाचा परिणाम सौम्य झाल्याने होतो. स्विच उघडून संपर्क घासले आणि कॉईलपर्यंत एक नवी वायर टाकली, तर सहा व्होल्टवर शंभरच्या जवळ जाता येते आणि त्यासाठी बॅटरी, रेग्युलेटर व सगळे बल्ब बदलावे लागत नाहीत. मीटरचे एक टोक बॅटरीच्या ज्या टोकाकडून कॉईलला पुरवठा जातो तिथे आणि दुसरे कॉईलच्या त्याच बाजूच्या टर्मिनलवर लावावे, पॉईंट बंद स्थितीत ठेवून स्विच चालू करावा. मीटरवर ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले, तर आधी तो दोष काढावा आणि मग पुढच्या खरेदीचा विचार करावा.

इलेक्ट्रॉनिक इग्निशनचा लाभ अगदी वेगळ्या जागी आहे. पॉईंटची फायबरची टाच कॅमवर घासून झिजते, गॅप कमी होतो, पॉईंट उशिरा उघडतात आणि टायमिंग मागे पडते. चार-स्ट्रोक गाडीत पॉईंटचा कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरत असेल, तर तिथली एका अंशाची चूक क्रँकवर दोन अंशांची होते. दोन सिलिंडरच्या गाडीत कॅमचा शाफ्ट किंचित डुलत असेल, तर एका बाजूचे टायमिंग बरोबर लावताच दुसऱ्या बाजूचे बिघडते. पॉईंटऐवजी शाफ्टची जागा स्पर्शाविना ओळखणाऱ्या चुंबकीय किंवा हॉल पिकअपला झीज नाही, वरच्या फेऱ्यांवर पॉईंट उसळण्याचा प्रश्न नाही आणि एकदा लावलेले टायमिंग तसेच राहते. ज्या जुळ्या सिलिंडरच्या गाडीचा पॉईंट-शाफ्ट सैल झाला आहे, तिच्यावर हा बदल मी डोळे मिटून सुचवेन. एका सिलिंडरच्या, शांत चालणाऱ्या गाडीवर मात्र चांगले पॉईंट, ताजा कंडेन्सर आणि कॅमवर ग्रीसचा एक बारीक ठिपका एवढ्यावर भागत असताना तो कशासाठी करायचा, हे मला कळत नाही. पॉईंट बिघडतात ते हळूहळू आणि रस्त्याच्या कडेला कानशीच्या दोन हातांनी कामापुरते सुधारतात. इलेक्ट्रॉनिक युनिट जाते ते एका क्षणात, आणि मग गाडी ढकलावी लागते.

दोन बदलांचा परस्परसंबंध एकाच ठिकाणी येतो आणि नेमका तोच कोणी सांगत नाही. बॅटरी उतरून आठ-नऊ व्होल्टवर आली तरी पॉईंट कुरकुरत का होईना काम करतात. बॅटरीवर चालणारी बरीच इलेक्ट्रॉनिक युनिट्स मात्र व्होल्टेज दहाच्या खाली जाऊ लागले की गोंधळतात, टायमिंग भरकटते किंवा ठिणगी बंदच होते. त्यामुळे ज्या गाडीचे चार्जिंग कमकुवत आहे, तिच्यावर इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवले की ती पूर्वीपेक्षा जास्त त्रास देऊ लागते. मग मालक युनिट परत करतो, दुसरे आणतो, तेही “खराब” निघते. अशा वेळी गाडी रेंगाळत चालू ठेवावी, ती अडखळू लागली की हेडलाइट बंद करून पाहावा. इंजिन लगेच सुरळीत झाले तर दोष चार्जिंगचा आहे आणि इग्निशनला हात लावण्याचे कारण नाही. काहीच फरक पडला नाही, तर शोध इग्निशनकडे आणि त्यानंतर कार्बोरेटरकडे न्यावा.

उरलेले फरक किरकोळ आहेत. सीडीआय आणि ट्रान्झिस्टर इग्निशन या दोन निराळ्या पद्धती आहेत. सगळ्यालाच सीडीआय म्हटले तरी चालते, फक्त सीडीआयची कॉईल पॉईंटना जोडू नये, तिचा प्राथमिक रोध फारच कमी असल्याने पॉईंट जळतात. कंडेन्सरला सहा आणि बारा व्होल्ट असा भेद नसतो, कारण पॉईंट उघडताना त्याच्यावर बॅटरीचे नव्हे तर काही शे व्होल्ट येतात. “बारा व्होल्टचा कंडेन्सर” म्हणून वेगळे पैसे देऊ नयेत. इलेक्ट्रॉनिक युनिटबरोबर प्लगची कॅप रेझिस्टरवाली, साधारणपणे ५ किलोओहमची, लावावी. ब्रिटिश गाड्यांत पॉझिटिव्ह अर्थ, म्हणजे बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले, असू शकतो. युनिट उलटे जोडले तर ते स्विच चालू करताक्षणीच संपते, म्हणून बॅटरीचे कोणते टोक चासीला गेले आहे ते आधी डोळ्यांनी पाहावे, आधीच्या मालकाच्या शब्दावर विसंबू नये.

दोन्ही बदल करायचेच असतील तर क्रम ठरलेला आहे. आधी संपर्क आणि अर्थिंग साफ करावे, मग चार्जिंग बारा व्होल्टवर न्यावे आणि त्याच दिवशी कॉईलही बाराची लावावी. त्यानंतर पॉईंटवरच काही आठवडे गाडी चालवावी, हेडलाइट लावून मध्यम वेगात बॅटरीवर १४ व्होल्टच्या आसपास मिळतात की नाही ते मीटरने पाहावे. ते मिळत असतील आणि तरीही टायमिंग स्थिर राहत नसेल, तरच इलेक्ट्रॉनिक युनिटची पेटी उघडावी. काढलेली पॉईंटची प्लेट मात्र टाकून न देता कापडात गुंडाळून सीटखाली ठेवावी.