फवारणीवाले येऊन गेले, ढेकूण राहिले

२०२३च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात पॅरिसच्या मेट्रोतले आणि थिएटरांतले ढेकणांचे व्हिडिओ जगभर फिरले, तेव्हा आपल्याकडच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर एक जुनं वाक्य पुन्हा वर आलं : डीडीटी या कीटकनाशकाने ढेकूण संपवले होते, पर्यावरणवाल्यांनी डीडीटी बंद पाडलं आणि ढेकूण परत आले. वाक्य सुटसुटीत आहे, म्हणूनच ते टिकलंय. अमेरिकेच्या बाबतीतही ते धड खरं नाही आणि आपल्या बाबतीत तर नाहीच. आपल्याकडे ढेकूण आधी डीडीटीला पुरून उरले. बंदीची भाषा सुरू झाली ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी. मधल्या काळात ढेकणांपायी अनेक गावांनी मलेरियाच्या फवारणीला दारं लावून घेतली, हा भाग तर त्या वाक्यात येतच नाही.

ढेकूण कुठे लपतो आणि कसा चावतो हे मराठी वाचकाला सांगत बसायला नको. शब्द जुना आहे. प्राकृतात तो ढेंकुण म्हणून सापडतो, संस्कृतात मत्कुण. सतराव्या शतकातल्या एका अभंगात ढेकणाला बाज म्हणजेच गड वाटते, तिच्यावरची उतरचढ त्याला केवढी, असं कोत्या नजरेच्या माणसाबद्दल म्हटलं आहे. ढेकणाच्या संगतीने हिरा भंगल्याची म्हण अजून शाळेच्या निबंधांत असते. दोन्हीकडे ढेकूण म्हणजे काय हे समजावलेलं नाही, कारण ऐकणाऱ्याच्या अंथरुणात तो होताच. २०२४ साली पुण्यातल्या एका राजकीय मेळाव्यात ढेकूण अंगठ्याने चिरडण्याची भाषा झाली, तेव्हाही कुणाला अर्थ विचारावा लागला नाही.

शब्दाचा एक घोळ मात्र आहे. शेतीच्या मराठीत पिठ्या ढेकूण असतो, कपाशीवर लाल ढेकण्या असतो. हे झाडाचा रस पितात, माणसाच्या वाटेला जात नाहीत. गण एकच, म्हणून नाव चुकीचं नाही. पण कृषी केंद्रात जाऊन नुसतं ‘ढेकणाचं औषध द्या’ म्हटलं की पिकावरची बाटली हातात पडू शकते. ती घरी आणून गादीवर मारणारे महाभाग आजही भेटतात. खुद्द माणसाला चावणाऱ्या ढेकणाच्याही मुख्य जाती दोन. थंड मुलखातली वेगळी, उष्ण मुलखातली वेगळी. आपल्याकडे प्रामुख्याने दुसरी. पॅरिसच्या बातमीतला ढेकूण आपल्या चाळीतल्या ढेकणाचा चुलतभाऊ म्हणायचा.

चाळीचा काळ बहुतेकांना ऐकून माहीत आहे. १९११च्या जनगणनेत मुंबईची सुमारे ६९ टक्के वस्ती एका खोलीच्या बिऱ्हाडांत राहत होती. गिरणगावातल्या गाळ्यांत गावाकडचे दहा-बारा पुरुष एकत्र राहायचे आणि पाळीप्रमाणे झोपायचे. रात्रपाळीचा माणूस सकाळी येऊन जिथे पसरायचा, तिथून दिवसपाळीचा नुकताच उठून गेलेला असायचा. ढेकणाला उपाशी राहायची वेळच येत नसे. शिमग्याला आणि गणपतीला हेच लोक वळकटी आणि ट्रंक घेऊन कोकणात जायचे, त्यातून ढेकणांचीही जा-ये चालायची. चाळीत वाढलेल्या कुणालाही विचारा, चुन्याच्या भिंतीवरच्या तपकिरी रेघा आठवतील, ढेकूण अंगठ्याने भिंतीवर घासत चिरडल्याच्या. दिवाळीआधी हात मारला की त्या झाकायच्या, गुढीपाडव्यापर्यंत पुन्हा उमटलेल्या असायच्या.

तोवरचे इलाज घरगुती होते : उकळतं पाणी, रॉकेलचा बोळा, पलंगाच्या सांध्यांवरून फिरवलेली मेणबत्ती, निरगुडीचा पाला, पायांखाली पाण्याचे डबे. माझ्या आजोळी बाज महिन्यातून एकदा खळ्यात आणून चारही पायांवर आपटायचे. पहिल्या आपटीला कोंबड्या धावत यायच्या, त्यांना तो आवाज पाठ झाला होता. सुंभाच्या विणीतून पडलेले ढेकूण उन्हात सैरावैरा व्हायचे आणि दोन मिनिटांत खळं साफ. अंडी मात्र विणीला चिकटलेली राहायची, त्यामुळे पुढच्या महिन्यात पुन्हा तेच.

सरकारला ढेकणात रस आला तो रोगाच्या संशयातून. प्लेगच्या काळात त्याच्यावर बोट ठेवलं गेलं, पण शेवटी गुन्हेगार ठरली उंदरावरची पिसू. काळ्या आजाराच्या, म्हणजे कालाआझार या तापाच्या, बाबतीत तो जास्त वर्षं अडकला. १९०७च्या सुमारास मद्रासमध्ये एका डॉक्टरने या आजाराचे जंतू ढेकणाच्या पोटात वाढताना पाहिले आणि पुढे बराच काळ ढेकूणच आरोपी राहिला. १९४२ साली स्वयंसेवकांवरच्या प्रयोगांतून वाळूमाशीचं नाव पक्कं झालं आणि ढेकूण सुटला. माणसांत रोग पसरवल्याचा ठोस पुरावा त्याच्याविरुद्ध आजही नाही. त्यामुळेच तो सरकारी यादीतून उतरला आणि पुन्हा कधी चढला नाही. खाज, जागरण आणि लाज यांच्यासाठी कुठलाही राष्ट्रीय कार्यक्रम निघत नाही.

मग डीडीटी आलं. त्याचा कीटकनाशक गुण १९३९ साली कळला, महायुद्धात ते सैन्याने वापरलं आणि १९४६ साली तेव्हाच्या मुंबई इलाख्यात, कारवार-धारवाडकडच्या मलेरियाग्रस्त गावांत, घरांच्या भिंतींवर फवारायचे मोठे प्रयोग सुरू झाले. कल्पना साधी होती. डास माणसाला चावल्यावर भिंतीवर विसावतो, तेव्हा भिंतच विषारी करा. एका चौरस मीटरला एक ग्रॅम. प्रयोग यशस्वी झाला आणि त्यातून १९५३चा देशव्यापी मलेरिया नियंत्रण कार्यक्रम उभा राहिला. त्याआधी देशात वर्षाला साडेसात कोटी लोकांना मलेरिया होतो आणि आठ लाख मरतात असा अंदाज होता.

फवारणीवाले गावात आले की घर रिकामं करावं लागायचं. पिठाचे डबे, मडकी, अंथरुणं, देवांच्या तसबिरी, सगळं अंगणात. खांद्यावर नळी घेतलेला माणूस आत शिरायचा, भिंती आणि आढी भिजवायचा, दारावर तारीख टाकायचा आणि पुढच्या घरी. मागे राहायचा वास आणि भिंतभर पांढुरके डाग. हे सगळं लोकांनी पहिल्या वर्षांत आनंदाने सोसलं. का? मलेरिया कमी झाला हे आरोग्यखात्याला तक्त्यात दिसत होतं. घरातल्या बाईला दिसत होतं ते एवढंच की पोरं रात्री खाजवत उठत नाहीत. ताप गेल्या वर्षी आला होता, यंदा आला नाही, यात औषधाचा हात किती हे कोण सांगणार? मेलेले ढेकूण मात्र सकाळी केरात निघायचे. मलेरियाच्या फवारणीला घराघरांत जी सहज वाट मिळाली, त्यात मोठा वाटा या फुकट मिळालेल्या फायद्याचा होता असं माझं मत आहे.

तो फायदा लवकर संपला. हवाईतल्या सैनिकी बराकींमध्ये डीडीटीला दाद न देणारे ढेकूण १९४७ सालीच आढळले होते, म्हणजे युद्ध संपून दोन वर्षंही धड झाली नव्हती. पन्नाशीच्या दशकात भारतातही तेच सुरू झालं. त्यात डीडीटीचा एक स्वभाव असा की ते नुसतं मारत नाही, आधी बिथरवतं. फटीत निवांत बसलेला ढेकूण त्याच्या स्पर्शाने अस्वस्थ होऊन भरदिवसा बाहेर पडतो. पूर्वी तो बाहेर पडून मरायचा. आता नुसताच बाहेर पडू लागला. घरातल्या माणसाने यातून काढायचा तोच अर्थ काढला : हे लोक औषध मारून जातात आणि ढेकूण वाढतात.

या टप्प्यावर, १९५८ साली, कार्यक्रमाच्या नावातला एक शब्द बदलला. ‘नियंत्रण’ जाऊन ‘निर्मूलन’ आलं. बदल कागदावर एका शब्दाचा, पण त्याचा हिशेबच वेगळा. नियंत्रणात दहा घरांपैकी आठ फवारली तरी चालतं. निर्मूलनात राहिलेली दोन घरंच महत्त्वाची ठरतात. म्हणजे ज्या काळात लोकांचा उत्साह ओसरत होता, नेमक्या त्याच काळात प्रत्येक दार उघडणं सक्तीचं होऊन बसलं. या निर्णयावर आजही दोन तट आहेत. एक म्हणतो, डास पूर्ण निर्ढावण्याआधी घाव घालणं हाच शहाणपणा होता आणि १९६५पर्यंत रुग्ण एका लाखाच्या आसपास आले हा त्याचा पुरावा. दुसरा म्हणतो, निर्मूलनाची मुदत घालून घेतल्यामुळे गावातला दवाखाना, गटार, कायमचा कर्मचारी या कंटाळवाण्या कामांकडे दुर्लक्ष झालं. मला दुसरी बाजू पटते, आणि तिच्यात मी ढेकणाची भर घालेन. ज्या कार्यक्रमाला प्रत्येक घरात शिरायचं आहे, त्याने त्या घराची तक्रार ऐकायला हवी होती. ढेकणांची तक्रार ‘हे आमचं काम नाही’ म्हणून बाजूला ठेवली गेली. कागदोपत्री ते बरोबरच होतं.

लोकांनी भांडण केलं नाही. त्यांनी घर बंद ठेवलं. शेतावर निघून गेले. ओटी आणि गोठा फवारू दिला, झोपायची खोली आणि देवघर नाही. आणि ज्यांनी सगळं फवारू दिलं त्यांनी सण तोंडावर आला म्हणून भिंती पांढऱ्या मातीने नाहीतर शेणाने पुन्हा लिंपल्या. लिंपण बसलं की खालचं डीडीटी असून नसल्यासारखं. खात्याच्या तक्त्यात ‘बंद घर’ आणि ‘नकार’ असे रकाने भरत गेले आणि त्यांचं स्पष्टीकरण बहुधा एकच मिळे, लोकांचं अज्ञान. पण सारवण-लिंपण हे अज्ञान नव्हतं. फटी बुजवणं हा ढेकणांवरचा त्यांच्या हातातला सगळ्यात चांगला इलाज होता. एका किड्याचा इलाज दुसऱ्याच्या इलाजाला मारत होता.

१९७६ साली देशात मलेरियाचे ६४ लाखांहून जास्त रुग्ण नोंदले गेले. त्याचं खापर ढेकणावर फोडण्यात अर्थ नाही. डास स्वतः निर्ढावले होते, औषधाचा पुरवठा आणि पैसा अपुरा पडला होता, शहरांतला मलेरिया वेगळाच वाढत होता. पण बंद दारं हे त्यातलं एक कारण होतं आणि इतिहास सांगताना नेमकं तेच गळतं.

आता बंदीच्या तारखा. अमेरिकेने डीडीटीवर बंदी घातली १९७२ साली, ढेकूण निर्ढावल्याला तोवर पंचवीस वर्षं होऊन गेली होती. भारतात १९८९ साली बंद झाला तो शेतीतला वापर. मलेरिया आणि काळ्या आजाराच्या फवारणीसाठी डीडीटी त्यानंतरही अनेक वर्षं चालू राहिलं. तेव्हा ‘बंदीमुळे परत आले’ हे आपल्या घरांना लागू करायचं तर आधी ते कधी गेले होते हे सांगावं लागेल.

घरात मारायचं औषध ही वेगळी शाखा. फवाऱ्याचा पंप, पिवळट कागदी पुडीतली पावडर, गॅमेक्सिन, मग ऑरगॅनोफॉस्फेट गटातली बाटलीबंद औषधं. ढेकणांच्या औषधाने एका पिढीत घराघरांत जागा मिळवली आणि त्याच वेळी वर्तमानपत्रांतल्या दुःखद बातम्यांतही. इतकी की ‘ढेकणाचं औषध’ हे दोन शब्द वडीलधाऱ्यांसमोर थट्टेत उच्चारले तरी धपाटा बसायचा. बीएचसी, म्हणजे गॅमेक्सिन ज्यातलं ते रसायन, १९९७ साली बंद झालं. नंतर पायरेथ्रॉइड आले, सौम्य वासाचे, डास मारायच्या उदबत्तीच्याच घराण्यातले. त्यांनाही ढेकूण सरावले. आज नव्वदच्या दशकानंतर जगभर ढेकूण वाढण्यामागे जी कारणं दिली जातात, त्यांत स्वस्त प्रवास आणि जुन्या फर्निचरच्या खरेदी-विक्रीबरोबर हे सरावणंही आहे.

मधल्या काळात मराठी मध्यमवर्गाच्या घरातून ढेकूण बरेच कमी झाले, हे खरंच. पण ते श्रेय मी औषधाला देणार नाही. सुंभाची बाज गेली, लोखंडी कॉट आली. मातीची भिंत जाऊन गिलावा आला. खोलीत दहाऐवजी चार माणसं झोपू लागली. म्हणूनच ढेकूण आज सापडतात ते जिथे ही जुनी दाटी टिकून आहे तिथे : वसतिगृहं, पीजीच्या खोल्या, लांब पल्ल्याच्या गाड्यांचे बर्थ, दवाखान्यांतले कॉट. स्पर्धा परीक्षेच्या मुलांच्या खोल्यांत चार गाद्या, चार बॅगा आणि दर सहा महिन्यांनी बदलणारे चेहरे असतात. गिरणगावच्या गाळ्यापेक्षा हे फार वेगळं नाही.

आजच्या इलाजातला खरा धोका धान्य टिकवायच्या गोळ्यांचा आहे. त्यांतून फॉस्फीन वायू सुटतो. बंद खोलीत ढेकणांसाठी त्या ठेवल्याने माणसं, लहान मुलंसुद्धा, दगावली आहेत, कधी शेजारच्या खोलीतलीही. यापेक्षा उकळतं पाणी आणि आजीची आपटलेली बाज बरी.

बरी पेस्ट कंट्रोलवाली माणसं एका फवारणीत काम झालं असं सांगत नाहीत. अंडी औषधाला दाद देत नाहीत, म्हणून दहा-पंधरा दिवसांनी ती फुटल्यावर दुसरा हात मारावा लागतो. आणि इमारतीत काम असेल तर ते अजून एक मागणी करतात, जी बहुधा पुरी होत नाही. भिंतीला भिंत लागून असलेले शेजारचे फ्लॅटही बघू द्या, ढेकूण वायरिंगच्या पाइपातून पलीकडे जातात. घरमालक म्हणतो गादी भाडेकरूची, भाडेकरू म्हणतो भिंत मालकाची, आणि शेजारीण दार अर्धं उघडून सांगते, आमच्याकडे नाहीत हो तसलं काही.