साखरपुड्याच्या अंगठीचे घाट: गाजलेल्या अंगठ्या कुठून आल्या आणि त्यांची नक्कल कुठे फसते

२४ फेब्रुवारी १९८१ रोजी चार्ल्स आणि डायना यांच्या साखरपुड्याची घोषणा झाली आणि एक अंगठी जगभरच्या वर्तमानपत्रांत छापून आली. मधोमध सुमारे १२ कॅरेटचा लंबगोल सिलोनी (श्रीलंकेचा) नीलम, भोवती १४ हिऱ्यांचे कडे, १८ कॅरेटचे पांढरे सोने. ती गॅरार्ड या लंडनच्या जवाहिऱ्याच्या तयार संग्रहातून निवडलेली होती. राजघराण्यासाठी खास घडवलेली नव्हती. त्यावरून तेव्हा नाकेही मुरडली गेली. २०१० मध्ये विल्यमने तीच अंगठी केटला दिली आणि नीलमाभोवती हिरे हा घाट पुन्हा सगळीकडे मागितला जाऊ लागला.

हा घाट नवा नव्हता. व्हिक्टोरिया राणीला अल्बर्टने १८४० मध्ये लग्नाच्या आदल्या दिवशी दिलेला ब्रूच याच धर्तीचा होता: मोठा नीलम आणि भोवती हिरे. तिची साखरपुड्याची अंगठी तर सापाच्या आकाराची होती, डोक्यावर पाचू बसवलेली. म्हणजे एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत ‘साखरपुड्याची अंगठी म्हणजे एकच पांढरा हिरा’ असे समीकरण युरोपातही नव्हते. १४७७ मध्ये ऑस्ट्रियाच्या मॅक्सिमिलियनने बरगंडीच्या मेरीला हिऱ्याची अंगठी दिली, हा दाखला नेहमी दिला जातो. पण तो राजवाड्यातला अपवाद. तेव्हा हिरा मिळण्याचे ठिकाण जवळजवळ एकच होते, ते म्हणजे भारत आणि त्यातही गोवळकोंड्याचा मुलूख. महाबळेश्वरला उगम पावणारी कृष्णा पुढे आंध्रात जाते, तिच्या काठच्या कोल्लूरसारख्या खाणींतून हे हिरे निघत. १७२० च्या दशकात ब्राझीलमध्ये हिरे सापडले, तरी माल बेताचाच राहिला.

चित्र बदलले ते दक्षिण आफ्रिकेमुळे. १८६७ नंतर तिथे हिरे सापडू लागले, किंबर्लीच्या खाणी खोदल्या गेल्या आणि हिरा मध्यमवर्गाच्या आवाक्यात आला. १८८६ मध्ये न्यू यॉर्कच्या टिफनीने सहा प्रॉन्गची, म्हणजे खडा धरणाऱ्या नखांची, अंगठी बाजारात आणली. तोपर्यंत खडा बहुधा कोंदणात, धातूच्या भिंतीआड बसे. टिफनीने तो सहा बारीक नखांवर पट्टीच्या वर उचलून धरला, त्यामुळे बाजूंनीही उजेड आत शिरू लागला. आज ‘सॉलिटेअर’ म्हटल्यावर डोळ्यांसमोर येते ती हीच रचना. पुढे १९४७ मध्ये हिरा चिरंतन असल्याची डी बिअर्स या हिरे कंपनीची जाहिरात आली आणि सवयीची रूढी झाली.

महाराष्ट्रात साखरपुड्याला साखर, साडी आणि ओटी यांचे महत्त्व आधीपासूनचे. हिऱ्याची अंगठी त्या मानाने कालची. त्यामुळे आपल्याकडे या अंगठीचा ठरलेला साचा नाही आणि निवडीला खरोखर मोकळीक आहे. अडचण होते ती फोटोतला घाट जसाच्या तसा लहान करून मागितला की.

डायनाच्या अंगठीचेच घ्या. १२ कॅरेटच्या नीलमाभोवतीचे १४ हिरे एकेक स्वतंत्र दिसतील एवढे मोठे आहेत. मधला नीलम १ कॅरेटचा केला की भोवतीचे हिरे सव्वा-दीड मिलिमीटरचे उरतात आणि त्यांना धरणारी नखे केसाएवढी होतात. साडीच्या जरीत, स्वेटरमध्ये ती अडकतात, एखादे वाकते आणि हिरा कधी पडला ते कळतही नाही. लहान मापात हा घाट हवाच असेल तर हिऱ्यांची संख्या कमी करून प्रत्येकाचा आकार वाढवावा. दुसरे म्हणजे नीलम हिऱ्यापेक्षा जड असतो. १ कॅरेटचा गोल हिरा साधारण साडेसहा मिमी दिसतो, तेवढ्याच वजनाचा नीलम सहा मिमीच्या आसपास. म्हणून रंगीत खडा घेताना कॅरेट नव्हे, मिलिमीटर विचारा. तापवून रंग खुलवलेला नीलम ही बाजारातली सर्रास आणि मान्य गोष्ट आहे. भेगांत काच भरलेला नीलम मात्र घेऊ नये, सोनाराच्या तापाने आणि आम्लाने तो खराब होतो. प्रयोगशाळेच्या प्रमाणपत्रात यांचा स्पष्ट उल्लेख असतो. आणि घरात कुणी ‘नीलम लाभतो की नाही’ हे पाहणारे असेल तर ती चर्चा अंगठी घडवायच्या आधी होऊ द्या. मोडून दुसरी करण्यात घडणावळ वाया जाते.

१९५६ मध्ये मोनॅकोचा प्रिन्स रेनिए याने अभिनेत्री ग्रेस केलीला दिलेली कार्टिएची अंगठी दुसऱ्या टोकाची: सुमारे साडेदहा कॅरेटचा एमराल्ड कट हिरा, दोन बाजूंना दोन लांबट हिरे, बस. हा कट मुळात पाचूसाठीचा. पाचूचे कोपरे टवकतात म्हणून ते छाटले जात. त्याचे पैलू पायऱ्यांसारखे लांब आणि सपाट असल्याने दगड खिडकीसारखा आरपार दिसतो. गोल ब्रिलियंटमध्ये, म्हणजे अनेक बारीक पैलूंच्या नेहमीच्या गोल हिऱ्यात, लपून जाणारा डाग इथे लगेच नजरेत भरतो. गोल हिऱ्यात एसआय-१ (बारीक डाग असलेली) शुद्धता बहुतेक वेळा चालते. एमराल्ड कटला त्याहून स्वच्छ अशा व्हीएस-२ श्रेणीच्या खाली जाऊ नये, आणि रंगही एखादी पायरी वरचा घ्यावा. ५० सेंटच्या, म्हणजे अर्ध्या कॅरेटच्या, आतला एमराल्ड कट आम्ही सुचवत नाही, कारण त्या मापात पायऱ्यांची मजाच उरत नाही.

जॅकलिन केनेडींच्या १९५३ च्या अंगठीत २.८८ कॅरेटचा हिरा आणि २.८४ कॅरेटचा पाचू शेजारी शेजारी होते. दोन खड्यांची ही जोडी जुनी आहे; नेपोलियनने १७९६ मध्ये जोसेफीनला दिलेली अंगठी नीलम आणि हिऱ्याची होती. दिसायला हा घाट फार देखणा, पण रोज वापरायला अवघड. खड्याचा कठीणपणा सांगणाऱ्या मोस प्रमाणावर हिरा १०, नीलम ९, पाचू साडेसात ते आठ. पाचूत नैसर्गिक भेगा असतात आणि त्यांत तेल भरलेले असते. अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा वाफेवर स्वच्छ केला की तेल निघते आणि भेगा उघड्या पडतात. पेढीवर ‘जरा साफ करून द्या’ म्हणताना पाचू आहे हे आधी सांगावे. मोती तर याहून मऊ; रोजच्या अंगठीत तो काही वर्षांत निस्तेज होतो. हीच जोडी हवी असेल तर जोसेफीनचा मार्ग धरावा: हिरा आणि नीलम.

ऑगस्ट २०२५ मध्ये गायिका टेलर स्विफ्टच्या साखरपुड्याच्या अंगठीमुळे ओल्ड माइन कटची चौकशी वाढली. हा हाताने पाडलेल्या पैलूंचा जुना कट: चौकोनाकडे झुकणारा आकार, उंच माथा, लहान सपाट तोंड आणि तळाचे टोक छाटलेले, त्यामुळे वरून मधोमध बारीक वर्तुळ दिसते. मेणबत्तीच्या उजेडात तो मोठ्या, संथ झळाळ्या देतो. आजच्या गोल ब्रिलियंटची प्रमाणे १९१९ मध्ये मार्सेल तोल्कोव्स्कीने गणिताने मांडली. त्याची चमक बारीक आणि चपळ. जुन्या कटचे वजन खोलीत जाते, त्यामुळे तेवढ्याच कॅरेटमध्ये वरून तो थोडा लहान दिसतो. नव्याने कापलेला आणि खरोखर जुना, दोन्ही मिळतात. किंमत ठरवण्याआधी कोणता ते लिहून घ्यावे.

लंबगोल, पेअर (थेंबाच्या आकाराचे) आणि मार्कीज (दोन्ही टोकांना निमुळते) हिरे बोट लांब दाखवतात, पण बऱ्याच जणांच्या मधोमध काळसर पट्टा असतो, बो-टायसारखा. तो प्रमाणपत्राच्या कागदावर येत नाही. जीआयए ही हिरे तपासणारी संस्था कटची श्रेणी फक्त गोल ब्रिलियंटला देते, म्हणून हा हिरा दुकानाच्या स्पॉटलाइटखालून बाहेर आणून, खिडकीशी हलवून पाहावा लागतो. पेअरचे टोक उघडे ठेवू नये. त्यावर इंग्रजी व्हीच्या आकाराचे प्रॉन्ग हवे.

आता धातू. ‘सोने घ्यायचे तर २२ कॅरेटच’ हा आग्रह पाटल्या-बांगड्यांना ठीक, प्रॉन्गला नाही. ९१६ सोने मऊ. नख हळूहळू उघडते. १८ कॅरेट, म्हणजे ७५० शिक्का, घ्यावा. पूर्ण २२ कॅरेटच हवे असेल तर खडा कोंदणात बसवावा. पांढऱ्या सोन्यावर ऱ्होडियम या पांढऱ्या धातूचा मुलामा असतो, तो वर्ष-दोन वर्षांत झिजून पिवळट झाक दिसते आणि पुन्हा चढवावा लागतो. पिवळ्या सोन्यात जे किंवा के रंगाचा (किंचित पिवळट श्रेणीचा) हिराही पांढरा वाटतो, तिथे पैसे वाचतात. पट्टी पावणेदोन मिमीपेक्षा पातळ नको, विशेषतः तिच्यावर बारीक हिरे असतील तर. पूर्ण फेरा हिऱ्यांचा असेल तर पुढे माप वाढवता-कमी करता येत नाही.

माप संध्याकाळी घ्यावे, सकाळी नाही. मुंबई-कोकणच्या उकाड्यात बोट सुजते. आपल्याकडच्या मापात एक आकडा म्हणजे परिघात साधारण एक मिमी. रुंद पट्टीला एक आकडा वाढवावा.

बिलावर एकूण वजन, सोन्याचे निव्वळ वजन आणि खड्याचे कॅरेट वेगवेगळे लिहून घ्या. १ कॅरेट म्हणजे ०.२ ग्रॅम, ते सोन्याच्या भावात धरले जाता कामा नये. १ एप्रिल २०२३ पासून हॉलमार्कबरोबर सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे प्रत्येक दागिन्याचा स्वतंत्र क्रमांक, बंधनकारक आहे, तो बीआयएस केअर अ‍ॅपवर तपासता येतो. पण हा शिक्का सोन्यापुरता. हिऱ्याचे प्रमाणपत्र निराळे लागते. हिरा प्रयोगशाळेत तयार झालेला असेल तर बिलावर तसे लिहिलेले हवे, आणि परत घेण्याची अट तोंडी नको. रासायनिकदृष्ट्या तो हिराच आहे, मोठा आकार कमी पैशांत देतो. मात्र त्याचे भाव गेल्या काही वर्षांत खूप उतरले आहेत, म्हणून विकून पैसे परत येतील या हिशेबाने तो घेऊ नये. घेतल्यावर सहा महिन्यांनी प्रॉन्ग तपासून घ्या: अंगठी कानाजवळ धरून बोटाने टिचकी मारा, खडा खुळखुळला तर ती बोटात न घालता थेट पेढीवर न्या.