खुब्याचं फ्रॅक्चर आणि माणसांची सोबत

खुब्याचं फ्रॅक्चर म्हणजे मांडीच्या हाडाचं खुब्याजवळचं वरचं टोक मोडणं. उतारवयातली ही फार नेहमीची मोठी दुखापत आहे, आणि बहुतेक वेळा ॲक्सिडेंट वगैरे काही नसतो, बाथरूममध्ये पाय घसरतो किंवा रात्री लाईट न लावता उठल्यावर पायपुसण्यात पाय अडकतो, हाडं आधीच ठिसूळ झालेली असतात त्यामुळे तेवढंही पुरतं. बायकांमध्ये प्रमाण जास्त. अनेक देशांतल्या अभ्यासांत वर्षभरात साधारण २० ते ३० टक्के पेशंट दगावलेले दिसतात, आणि उरलेल्यांपैकी बरेच जण पहिल्यासारखं चालू शकत नाहीत.

ऑपरेशन शक्यतो एक-दोन दिवसांत करतात, हाडात रॉड टाकतात नाहीतर बॉल, म्हणजे मांडीच्या हाडाचं सांध्यातलं गोल टोक, बदलतात आणि दुसऱ्याच दिवशी वॉकर धरून उभं करतात. पण पुढचं सगळं नुसत्या औषधांवर होत नाही, तिथे माणसं लागतात.

पहिल्या काही रात्री पेशंट बरळतो, सलाईन ओढतो, मुलालाही ओळखत नाही, आणि घरचे हादरतात. याला डिलिरियम म्हणतात, हे वेड नाही, बहुतेकांचं ओसरतं. ओळखीचा आवाज, स्वतःचा चष्मा, कानाचं मशीन, दिवसा उजेड, रात्री शांतता यांनी खरंच फरक पडतो. अमेरिकेत येल विद्यापीठाच्या लोकांनी हॉस्पिटलमधल्या सत्तरीपुढच्या ८५२ पेशंटवर हे करून बघितलं, ट्रेनिंग दिलेले स्वयंसेवक येऊन गप्पा मारायचे, चालवायचे, जेवायला मदत करायचे. १९९९ साली छापलेल्या निकालात डिलिरियमचं प्रमाण १५ टक्क्यांऐवजी ९.९ टक्के आलं. ते ऑपरेशनचे पेशंट नव्हते, पण खुब्याच्या पेशंटसाठीही आता हेच सुचवतात.

घरी आल्यावर घोळ वेगळाच होतो. "आई, तू पडून राहा, आम्ही आहोत ना" हे अगदी प्रेमाने म्हटलं जातं आणि त्यानेच नुकसान होतं. २००७ च्या एका अभ्यासात धडधाकट वयस्कर लोकांना फक्त १० दिवस झोपवून ठेवलं तर पायांतलं जवळपास एक किलो मांस गेलं. म्हणून हातात पाणी आणून देण्यापेक्षा सोबत उभं राहून त्यांना स्वयंपाकघरापर्यंत चालवणं हीच जास्त सेवा आहे असं मला वाटतं.

ज्यांच्याकडे येणंजाणं असतं ते सहसा लवकर सावरतात. यात तब्येत चांगली म्हणून माणसं जोडलेली की माणसं आहेत म्हणून तब्येत चांगली, हे पूर्ण वेगळं काढता येत नाही. पण कारणं समजण्यासारखी आहेत: सोबत असली की पुन्हा पडायची भीती कमी होते, फिजिओचे व्यायाम चुकत नाहीत, आणि जेवणही जातं, एकट्याने चहा-बिस्किटावर दिवस निघत नाही. घर भरलेलं असूनही कोणी बोलत नसेल तर ते एकटेपणच.

आपल्याकडे ज्येष्ठ नागरिक संघ, विरंगुळा केंद्र, बागेतला कट्टा ही तयार जाळी आहेत. पण पेशंट लिफ्ट नसलेल्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर असला की कट्टा तुटतो, मुलगा परदेशातून रोज व्हिडिओ कॉल करतो पण जिना उतरताना हात धरायला तो नसतो. अशा वेळी सुरुवातीचे दोन-तीन महिने मित्रमंडळींनीच वर यायचं, आधी चहाला, मग दारापर्यंत, मग एकेक पायरी.