फोटो लहान करणं वेगळं, फोटो दाबणं वेगळं

बँकेच्या परीक्षांचे फॉर्म सुटले की बेळगावात कॉलेजांच्या आसपासच्या झेरॉक्स दुकानांत एकच मागणी ऐकू येते: 'फोटो ५० केबीच्या आत बसवून द्या.' खानापूर, निपाणी, चिकोडीकडून आलेली मुलं रांगेत उभी असतात. दुकानदार घाईघाईत कुठल्यातरी साइटवर फोटो टाकतो, आकडा ५० च्या खाली आला की काम झालं. पुढे छापून आलेल्या फोटोत पोराचं नाक-डोळे शोधावे लागतात. प्रोफाइल फोटोंचीही हीच गत होते. कारण एकच, दोन निराळी कामं आपण एक समजून करतो.

पहिलं काम रिसाइझ, म्हणजे फोटोतले पिक्सेलच, ज्या ठिपक्यांनी चित्र बनतं तेच, कमी करणं. मोबाइलचा १२ मेगापिक्सेलचा फोटो ४०००×३००० असतो, म्हणजे एक कोटी वीस लाख ठिपके. लांबी आणि रुंदी दोन्ही निम्मी केली की ठिपके पाव उरतात. फाइल झपाट्यानं हलकी होते ती यामुळे.

दुसरं काम कॉम्प्रेशन, म्हणजे फोटो दाबणं. यात ठिपके तेवढेच राहतात, त्यांची नोंद मात्र काटकसरीनं होते. १९९२ पासून चालत आलेली जेपेग पद्धत चित्राच्या ८×८ ठिपक्यांच्या चौकटी पाडते आणि डोळ्यांना फारसे जाणवत नाहीत असे बारकावे आधी सोडून देते. सेव्ह करताना निवडायचा क्वालिटीचा आकडा खाली ओढत गेलात की जाणवणारे बारकावेही जायला लागतात.

आता हिशोब करून बघा. १२ मेगापिक्सेलच्या फोटोत अशा १,८७,५०० चौकटी असतात. कच्च्या स्वरूपात एका चौकटीला १९२ बाइट लागतात (एक केबी म्हणजे साधारण हजार बाइट). हा अख्खा फोटो नुसता दाबून ५० केबीत बसवायचा म्हटलं तर एका चौकटीच्या वाट्याला जेमतेम पाव बाइट येतो. त्यात काय राहणार? गालावर चौकोनी डाग उमटतात, भुवया पुसल्या जातात, केसांच्या कडेला धूसर कचरा दिसतो. बँकांच्या भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या सूचनांत फोटो २००×२३० पिक्सेलचा आणि २० ते ५० केबीचा मागितलेला असतो. आधी तेवढ्या मापाचा केला तर चौकटी उरतात सव्वासातशेच्या घरात आणि त्याच ५० केबीत प्रत्येकीला सत्तरेक बाइट मिळतात. केबी तेवढेच, पण चेहरा स्वच्छ.

म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: आधी पिक्सेल, मग क्वालिटी. त्याच्याही आधी क्रॉप. प्रोफाइल फोटो शेवटी छोट्या गोलातच दिसणार असतो, त्यात मागचा अर्धा किल्ला कशाला? चेहरा-खांदे एवढंच चौकोनी कापून घ्या. एक्सवर (पूर्वीचं ट्विटर) प्रोफाइलसाठी ४००×४०० पिक्सेल सुचवलेले आहेत, त्या मापावर आणा. मग ८० ते ८५ क्वालिटीला जेपेग म्हणून सेव्ह करा. बहुतेक वेळा फाइल ५० केबीच्या आतच येते. पीएनजी या दुसऱ्या फाइल प्रकाराच्या नादी लागू नका, ते लोगो आणि अक्षरांसाठी चांगलं, फोटो मात्र त्यात जड होतो.

फोटोत काय आहे यावरही वजन ठरतं. वडगाव-खासबागच्या मागावरची बारीक चौकड्यांची साडी, तिचा जरीचा काठ आणि मागे झाडाची पानं, असा फोटो त्याच मापाच्या साध्या भिंतीपुढच्या फोटोपेक्षा जड भरतो, कारण प्रत्येक चौकटीत नोंदवण्यासारखं काहीतरी असतं. साडी हौसेनं नेसाच, फक्त मागची भिंत साधी निवडा. भिंतीवर वाचलेले बाइट चेहऱ्याच्या आणि जरीच्या कामी येतात.

दोन्ही कामं स्क्वूश नावाच्या मोफत साधनात एकाच ठिकाणी करता येतात. ते ब्राउझरमध्येच चालतं, फोटो कुठे अपलोड होत नाही. सहीचा फोटो अनोळखी साइटवर टाकण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

फाइल २० केबीच्याही खाली गेली तर तोच फोटो ताणून मोठा करू नका. गेलेले बारकावे परत येत नाहीत. मूळ फोटोकडे जा, माप तेच ठेवून क्वालिटी वाढवा. जेपेग उघडून बदल करून पुन्हा सेव्ह केला की दर खेपेला थोडं नुकसान होतंच, म्हणून मूळ फोटोला हात न लावता प्रतीवर काम करावं.

आणि व्हॉट्सअ‍ॅप. त्यावर फोटो नेहमीसारखा पाठवला की तो लहानही होतो आणि दाबलाही जातो, म्हणजे दुकानदाराच्या हाती पडतानाच अर्धा जीव गेलेला असतो. स्टुडिओतून फोटो मागवताना तो डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा आणि पुढे दुकानदारालाही तसाच द्या.