जखम सुकली होती, मग बोकड ताठला कशाने?

मागच्या वर्षी चोपड्याकडे काकांचा एक बोकड ताठला. चारही पाय फाकवून खाटल्यासारखा उभा, कान ताठ, शेपूट वर, तोंडात कडुनिंबाची डहाळी तशीच लटकलेली, चावताच येईना, दातखीळ बसलेली. कोणी म्हणे विषारी पाला खाल्ला, कोणी म्हणे साप चावला, आणि आमच्या प्रत्येक ओरडण्याला तो बिचारा थरथरतोय. डॉक्टरांनी आल्या आल्या विचारलं, खच्ची कधी केला? बारा दिवस झाले होते. घरीच, ब्लेडने. जखम तर सुकली होती हो!

मेख तिथेच आहे. हा धनुर्वात होता. धनुर्वाताच्या जंतूची बीजं माती-शेणात वर्षानुवर्षं पडून असतात, नुसतं पाणी उकळून मरतीलच असं नाही. पण हवा लागली की त्यांचं काही चालत नाही, म्हणून भली मोठी उघडी जखम परवडली, वरून बुजलेली आणि आतून कोंदलेली वाईट. नाल मारताना आत गेलेला खिळा, बाभळीचा काटा, खच्ची करायची रबर रिंग, वासराची नाळ. जंतू तिथेच बसतात, फिरतं ते त्यांचं विष. ते नसांमधून मज्जारज्जूपर्यंत जातं आणि स्नायूला 'आता सैल पड' सांगणारा निरोपच अडवतं, मग सगळं अंग आवळलेलं राहतं.

घोडा याला सगळ्यात नाजूक. सारंगखेड्याच्या घोडेबाजारातून घोडं आणणाऱ्याने किंमत करता करता टीटीचंही (धनुर्वाताच्या लसीचं) विचारावं. लागण झालेल्या घोड्याचं डोकं हलकं वर केलं की डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातून पडदा सर्रकन पुढे येतो. मेंढ्या-बकऱ्या त्याखालोखाल, गाय-बैल त्यामानाने चिवट, पण त्यांचं पोट फुगतं.

अँटिटॉक्सिन हे टीटीपेक्षा वेगळं. टीटी शरीराला शिकवते, त्याला काही आठवडे लागतात, अँटिटॉक्सिन म्हणजे तयार प्रतिविष, बेरिंग आणि कितासातो या शास्त्रज्ञांनी 1890 मध्ये दाखवलेलं. पण तेही फक्त मोकळं फिरणारं विष पकडतं, नसेला चिकटलेलं नाही, म्हणून उशीर झाला की हात टेकावे लागतात. सोबत जखम उघडून साफ करणं, पेनिसिलिन, अंग सैल करणारी औषधं, अंधारी शांत जागा, कानात कापसाचे बोळे (खान्देशात कापसाला काय तोटा). आणि नळीने घाटा ढोसू नका, गिळता येत नाही तेव्हा तो फुप्फुसात जातो.

आमचा बोकड चौथ्या दिवशी गेला. उरलेले दोघं काकांनी डॉक्टरांकडून चिमट्याने खच्ची करून घेतले, कातडी न कापता.