जुनी रेल्वेवाट की पाटाची वाट?

मोबाइलवर उपग्रहाचा नकाशा उघडून निफाड, चांदवड, येवला या पट्ट्यावरून बोट फिरवलं की शेतांच्या चौकोनांना न जुमानता गेलेली एखादी बारीक रेघ हमखास दिसते. बांधांशी तिचं देणंघेणं नसतं आणि गावांशीही नसतं. ‘ही जुनी रेल्वे लाइन असणार, रविवारी चालून येऊ’ असा बेत मग ग्रुपवर शिजतो. बहुतेक वेळा ती रेघ रेल्वेची नसतेच. तो पाट असतो, पालखेड नाहीतर गंगापूर धरणाचा, आणि त्याच्या काठाने गेलेला मातीचा रस्ता.

गोंधळ होणं साहजिक आहे. दोन्ही वाटा जवळजवळ सपाट असतात, दोन्हींवर भराव, खोदाई आणि दगडी मोऱ्या भेटतात, दोन्हींच्या कडेला मैलाच्या दगडासारखे आकडे लिहिलेले खांब असतात. पण एक वाट पाण्याच्या सोयीने आखलेली आहे आणि दुसरी इंजिनाच्या. तिथे कोणता साप भेटेल आणि कोणता पक्षी, हेसुद्धा त्या आखणीवरच ठरतं.

पाण्याला उतार लागतो, पण नावापुरता. हजारो मीटर लांबीला एखादा मीटर, बस. जास्त दिला तर पाणी जोर धरून तळ खरवडतं, कमी दिला तर गाळ बसतो. म्हणून पाट टेकडीच्या अंगाला एकाच उंचीवर चिकटून जातो. नाल्याच्या खोबणीत आत शिरतो, सोंडेला वळसा घालून बाहेर येतो. समोर हाकेच्या अंतरावर दिसणारं गाव पाटाने गेलं तर चांगलंच दूर पडतं, आणि पाटाचं पाणी सांभाळणाऱ्या पाटकऱ्याला त्याचं काही वाटत नाही.

रेल्वेला असे वळसे परवडत नाहीत. ब्रॉडगेजवर सगळ्यात तीव्र वळणसुद्धा साधारण १७५ मीटर त्रिज्येचं लागतं. त्यामुळे रेल्वे सोंड कापून जाते, नाला पुलावरून ओलांडते आणि कापलेली माती पुढच्या भरावात टाकते. खोदाई, भराव, पुन्हा खोदाई अशी तिची लय असते. चढ मात्र ती पाटापेक्षा कितीतरी जास्त घेते. १८६५ मध्ये सुरू झालेल्या कसारा-इगतपुरी मार्गावर तो सदतीस मीटरला एक मीटर आहे, आणि म्हणूनच तिथे आजही बहुतेक गाड्यांना जादा इंजिनं लावावी लागतात. पाट असा चढ कधीच घेणार नाही. त्याला उंची बदलायचीच असेल तर तो खाली उतरतो, तेही एका जागी बांधलेल्या धबधब्यावरून.

नकाशावर ओळखायची माझी आवडती खूण रंगाची आहे. पाटाच्या फक्त उताराकडच्या अंगाला हिरवळ असते. वरच्या अंगाला माळ कोरडाच राहतो, कारण पाणी आपणहून वर चढत नाही. रेल्वेच्या दोन्ही बाजूंना शेतं सारखीच दिसतात. आता मोटारी लावून वरच्या बाजूलाही पाणी उचलतात, त्यामुळे द्राक्षाच्या पट्ट्यात ही खूण पुसट झाली आहे. येवल्याकडे अजून बरीच चालते. तिथे तर पालखेडचा डावा कालवाही पोचतो आणि मनमाड-दौंड रेल्वेही जाते, म्हणजे दोन्ही रेघा एकाच तालुक्यात ताडून बघता येतात.

जुन्या रेल्वेवाटांवरून भटकायची कल्पना आपल्याकडे आली ती मुळात बाहेरून. ब्रिटनमध्ये रेल्वेची काटछाट सुचवणाऱ्या १९६३ च्या बीचिंग अहवालानंतर हजारो मैल लाइन बंद झाली, रूळ उचलले गेले आणि उरलेल्या पट्ट्यांपैकी अनेकांवर पुढे पायवाटा आणि सायकलवाटा झाल्या. डर्बीशरमधली मोन्सल ट्रेल त्यातली एक. साडेआठ मैल लांब, १९६८ मध्ये गाड्या थांबल्या, २०११ मध्ये तिचे बोगदे चालणाऱ्यांना खुले झाले. स्पेनमध्ये १९९३ पासून अशा वाटांचा ‘व्हिया वेर्दे’ नावाचा कार्यक्रमच चालू आहे. न्यूझीलंडमधली ओटागो सेंट्रल तर दीडशे किलोमीटरची.

आपल्याकडे तसं का झालं नाही? सोपं आहे. आपण लाइनी फारशा सोडल्याच नाहीत, रुंद केल्या. मनमाडहून औरंगाबादकडे (आता छत्रपती संभाजीनगर) जाणारी मीटरगेज १९९० च्या दशकात ब्रॉडगेज झाली, आणि अशा कामात जुना भराव बहुतेक ठिकाणी पुन्हा वापरला जातो. सुटतं ते एखादं वळण, एखादा पूल, एखादी साइडिंग म्हणजे बाजूला काढलेला रूळ. विदर्भातली शकुंतला ही नॅरोगेज गाडी थांबली तरी तिच्या वाटेची पायवाट झालेली नाही.

खुद्द नाशिकची गोष्ट तर अजून मजेची. मेनरोडपासून नाशिकरोड स्टेशनपर्यंत एकेकाळी ट्राम होती, सुरुवातीला घोड्यांनी ओढलेली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला ती बंद पडली. शहराच्या सगळ्यात जवळचा ‘माजी रूळमार्ग’ तोच, पण तिथे आता वन्यजीव म्हणजे रिक्षा. थळ घाटातही (म्हणजे कसारा घाटात) पूर्वी गाडीची दिशा उलटवणारं रिव्हर्सिंग स्टेशन होतं. मार्ग बदलल्यावर ते मागे पडलं. वाचायला भारी वाटतं, पण ती जागा चालू लाइनला खेटून आहे, म्हणून सहलीच्या यादीत मी ती घालणार नाही.

आता वन्यजीवांकडे येऊ, कारण फरकाची खरी गंमत इथेच आहे.

रेल्वेचा भराव मुद्दाम कोरडा ठेवलेला असतो. रुळांखाली साठ-पासष्ट मिलिमीटरपर्यंतची फोडलेली खडी, म्हणजे आपल्याकडे काळा बसाल्ट. पाणी पडलं की निथळून जातं, ऊन पडलं की दगड तापतात. अशा जागा कोणाला आवडतात? सरड्याला, घोरपडीला, आणि लक्षात ठेवायचं म्हणजे फुरशाला. खोदाईच्या उभ्या मातीत वेडे राघू बिळं करून घरटी घालतात. चीरक दगडावर शेपटी उभारून बसतो, चंडोल आणि तितर कडेच्या गवतात. झाडंही तशीच कडक: रुई, तरवड, टणटणी, विलायती बाभूळ आणि कुंपणासाठी लावलेली घायपात. गुरांचा वावर कमी आणि नांगर कधीच नाही, त्यामुळे आसपासच्या शेतातून हद्दपार झालेलं गवत रेल्वेच्या हद्दीत तग धरून राहतं.

इंग्लंडमध्ये याचं एक नामी उदाहरण आहे. सिसिलीतल्या एटना ज्वालामुखीकडची पिवळ्या फुलांची एक वनस्पती ऑक्सफर्डच्या वनस्पती उद्यानात लावली होती. ती तिथून निसटली, रेल्वे येताच लाइनवर पोचली आणि गाड्यांमागच्या वाऱ्यावर बिया उडवत देशभर पसरली. कोळशाची राख आणि खडी तिला ज्वालामुखीच्या उतारासारखीच वाटली. तिचं नाव ऑक्सफर्ड रॅगवर्ट. आपला तर अख्खा दख्खनच ज्वालामुखीचा, त्यामुळे इथे रेल्वेची खडी आणि शेजारचा माळ यांत झाडांना फारसा परकेपणा वाटत नसावा, असा माझा आपला अंदाज.

पाटाचं सगळं उलटं. तिथे ओल आहे, आणि ती आवर्तनाच्या, म्हणजे धरणातून पाळीपाळीने सुटणाऱ्या पाण्याच्या, तालावर येते-जाते. पाणी सुटलं की खंड्या, वंचक, बगळे, धोबी हजर. पाणी ओसरून डबकी उरली की अडकलेल्या माशांवर त्यांची चंगळ. काठावर बेशरमाची जांभळी फुलं, जिथे पाझर आहे तिथे पाणकणीस, आणि पाण्यावर झुकलेल्या बाभळीला सुगरणीची घरटी. साप दिसला तर बहुधा दिवड, बिनविषारी पण चिडकी. ही पाण्याची साखळी पुढे थेट नांदूर मध्यमेश्वरला जोडलेली आहे. गोदावरी-कादवेच्या संगमाजवळचा तो बंधारा सिंचनासाठी बांधला, गाळ साचून पाणथळ झाली आणि २०२० मध्ये ती महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ, ठरली. म्हणून निव्वळ पक्षी बघायचे असतील तर नाशिककराने जुन्या रेल्वेच्या शोधात वेळ घालवू नये, सरळ पाट धरावा.

मात्र पाटाला लागून ऊस असतो आणि उसात बिबट्या. निफाड-सिन्नरकडच्या माणसाला हे सांगायला नको, शहरातून येणाऱ्याला सांगावं लागतं. पहाटे अंधारात एकट्याने जाऊ नका. मोबाइलवर गाणी लावून, बोलत गेलात तर पक्षी कमी दिसतील, पण बिबट्यालाही तुमची चाहूल आधी लागेल. उजाडल्यावर निघणं हाच बरा तोडगा.

दुसरा धोका पाटाचाच. अस्तरीकरण झालेल्या पाटाच्या तिरक्या काँक्रीटवर शेवाळ धरतं. आत घसरलेल्या माणसाला पोहता येत असलं तरी वर चढता येत नाही. फोटोसाठी त्या उतारावर उतरू नये, लहान मुलांना पाण्याच्या अंगाने चालू देऊ नये.

मालकीतही फरक आहे आणि तो अनेकांना ठाऊक नसतो. पाटाचा रस्ता जलसंपदा विभागाचा, देखभालीसाठी ठेवलेला, पण गावकरी, बैलगाड्या, ट्रॅक्टर तो रोज वापरतात आणि चालणाऱ्याला सहसा कोणी हटकत नाही. रेल्वेची हद्द मात्र रूळ उचलले तरी रेल्वेचीच राहते. विनापरवाना शिरणं हा रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४७ खाली गुन्हा आहे: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. गंजलेल्या रुळावर गवत वाढलंय म्हणजे लाइन बंद आहे, हाही समज सोडा. साइडिंगवर महिन्यातून एखादीच मालगाडी येत असेल, पण येते.

तेव्हा नकाशावर रेघ सापडली की आधी वळणं बघा, मग हिरवळ कुठल्या अंगाला आहे ते बघा. पाट निघाला तर जवळच्या गावात पाटकऱ्याला किंवा चहाच्या टपरीवर विचारा, आवर्तन कधी सुटणार आहे. रब्बीचं पाणी सुटून बंद झाल्यावरचे चार-पाच दिवस पक्ष्यांसाठी सगळ्यात चांगले. रेल्वे निघाली तर रस्त्याच्या पुलावरून किंवा फाटकाबाहेरून दुर्बीण लावा. खोदाईतल्या वेड्या राघूंची बिळं तिथूनही स्पष्ट दिसतात, आणि फेब्रुवारी ते जून त्यांची ये-जा चालू असते.