क्रोमचं इन्कॉग्निटो (ती काळी खाजगी विंडो) लावलं की कोणाला काय दिसत नाही? खोटं आहे वो ते

निपाणीपासून खानापूरपर्यंत कुणालाबी विचारा, "ती काळी विंडो उघड की, मग कोण बघतंय" असंच सांगतात, परवा टिळकवाडीत झेरॉक्सच्या दुकानात पण एकजण तेच सांगत होता. चूक आहे ते. ती विंडो फक्त तुमच्या फोनवर हिस्ट्री ठेवत नाही आणि बंद केली की कुकीज (साइट तुमच्या फोनवर ठेवते त्या ओळखीच्या खुणा) पुसते, बस्स. म्हणजे घरच्यांपासून लपलं (बऱ्याच जणांना तेवढंच पाहिजे असतंय म्हणा), पण वेबसाइटला तुमचा आयपी अॅड्रेस (तुमच्या नेटचा पत्ता) दिसतोच, नेटवाल्याला कुठल्या साइटवर गेलाय ते साधारण कळतंच, आणि आत जाऊन लॉगिन केलं तर विषयच संपला. याच्यावरनं २०२० मध्ये अमेरिकेत गूगलवर केस पडली, २०२४ मध्ये तडजोडीत जुना डेटा पुसायचं त्यांनी मान्य केलं.

खरा वैताग साध्या विंडोतल्या थर्ड पार्टी कुकीजचा, म्हणजे तुम्ही उघडलेल्या साइटच्या नाही, जाहिरातवाल्यांसारख्या तिसऱ्याच कुणाच्या तरी. २०२० मध्ये गूगलवाले म्हणाले दोन वर्षात क्रोममधनं काढतो, मग पुढं ढकलत ढकलत २०२४ मध्ये तो बेतच सोडला! अॅपलच्या सफारी ब्राउझरमध्ये २०२० पासूनच ब्लॉक आहेत की. क्रोमच्या सेटिंगमध्ये जाऊन हातानं ब्लॉक करता येतात, तेवढं आजच करून टाका.